एक जूनची पत्रिका

(दहावी 1981 च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, ढोकी येथे, दुपारच्या सत्रात केलेले भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



शेंगापोळी आणि येसराची आमटी पोटात गेल्यावर भाषण करायला उभं राहणं म्हणजे लोकांच्या झोपेत मीठ कालवणं आहे. पण संयोजकांनी मला सुटू दिलं नाही. दिवाळीत आपल्या ग्रुपवर जो वाद झाला तो सगळ्यांना आठवतो. एका मैत्रिणीच्या मुलीचं ठरत आलेलं लग्न मंगळावरून मोडलं, तिने ते मन मोकळं करायला लिहिलं, आणि आपण तिला धीर द्यायचं सोडून पत्रिका खरी की खोटी यावर तीन दिवस भांडलो. तिघं जण ग्रुप सोडून गेले. आज तिघंही जेवायला आहेत, हे पाहून बरं वाटलं. तेव्हा संयोजक म्हणाले, "बाई, तू आयुष्यभर बाळंतपणं केलीस. लोकांच्या जन्मवेळा तुझ्या हातच्या. पत्रिकेनं नाती जुळतात का तुटतात, ते तूच सांग."

मी ज्योतिष शिकलेली नाही. मी नर्स होते, 2023 ला निवृत्त झाले. पण या विषयात मी एकदा पोळलेली आहे आणि एकदा दुसऱ्याला पोळवलेलं आहे, तेवढ्या अधिकारावर बोलते.

आधी एक काम करा. शाळेच्या दाखल्यावर ज्यांची जन्मतारीख 1 जून आहे त्यांनी हात वर करा.

बघा. आज आपण 31 जण आलोत, त्यातले 17 हात वर आहेत. माझा धरून. एवढी बाळंतपणं एका दिवशी माझ्या अख्ख्या नोकरीत झाली नाहीत!

हे कसं झालं ते नव्या पिढीला सांगायला हवं, कारण ही स्मरणिका तीही वाचणार आहे. आपल्याला पहिलीत घालायला नेलं तेव्हा गुरुजींनी विचारलं, "पोरगं किती वर्षांचं?" आपल्या आयांना तारीख कुठं माहीत! "हुरड्याच्या दिवसांत झालं", "नागपंचमीच्या मागं-पुढं", "पाऊस लागला नव्हता त्या साली". मग गुरुजींनी आपल्याला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावला. कान हातात आला की पोरगं सहा वर्षांचं झालं. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, म्हणून वर्ष अंदाजाने बसवायचं आणि पुढे 1 जून लिहायचं. यात गुरुजींना मी अजिबात बोल लावत नाही. त्यांनी तसं केलं नसतं तर आपल्यातले निम्मे गुरं वळायला गेले असते. पण ती तारीख पुढे कुठं कुठं जाऊन बसेल याची त्यांना काय कल्पना!

ही झाली तारीख. आता वेळेचं सांगते. 1986 साली मी नोकरीला लागले तेव्हा बहुतेक बाळंतपणं घरीच, सुईणीच्या हातची, कंदिलाच्या उजेडात. मी दुसऱ्या दिवशी सायकलवर जायची आणि नोंद घ्यायची. "कधी झालं?" तर "पहाटचा भोंगा झाला आन् मग झालं." कारखान्याच्या पाळीचा भोंगा हेच आपलं घड्याळ. कुणी सांगायचं, "लातूरची गाडी गेली तवा." आता बार्शी लाइटची ती छोटी गाडी वेळेवर कधी जायची, हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. तिच्यामागे पळत जाऊन चढणारे दोघं-तिघं समोरच बसलेत.

पुढे मी दवाखान्यात आले. तिथे भिंतीवर घड्याळ होतं. सेल संपला की ते दोन-दोन दिवस बंद असायचं, चालू असलं की सात-आठ मिनिटं पुढे. आणि नोंद कोणत्या क्षणाची करायची? डोकं दिसलं तेव्हाची, बाळ पूर्ण बाहेर आलं तेव्हाची, रडलं तेव्हाची, की नाळ कापली तेव्हाची? खरं सांगू, बाळ रडलं, आईचं रक्त आटोक्यात आलं, वार पडली, मी हात धुतले आणि मग वर घड्याळाकडे बघितलं, ती वेळ मी लिहायची. माझी जुनी रजिस्टरं काढून बघा. सगळ्या वेळा पाच-दहाच्या पाढ्यात आहेत. 9:10, 4:25, 11:30. एवढ्या वर्षांत 9:13 ला एकही मूल जन्मलं नाही.

ज्योतिषी सांगतात की लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते आणि नवमांश सुमारे तेरा मिनिटांनी. म्हणजे माझ्या हात धुण्यात लोकांचे नवमांश बदलून जात होते.

हसू नका, हसण्यासारखं एवढंच होतं.

माझी धाकटी बहीण आपल्याच शाळेची, आपल्या तीन वर्षं मागे. ती आज आली आहे, तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिला विचारूनच सांगते आहे. तिच्या दाखल्यावर 1 जून 1968. आईला मात्र तिचा जन्म पक्का आठवत होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला. बैलांच्या शिंगांचे बेगड अंगणात पडलेले होते, असं ती सांगायची. सालही पक्कं, कारण त्याच उन्हाळ्यात आमच्या काकांचं लग्न झालं होतं आणि त्यांची लग्नपत्रिका घरात जपून ठेवलेली होती.

1987 साली बहिणीला स्थळ आलं. मुलगा नोकरीवाला, दोघांनी एकमेकांना बघितलेलं, पसंती कळवलेली, सुपारी फोडायची तेवढी राहिली होती. आपल्याकडे तेव्हा पत्रिका फारशी कुणी बघत नव्हतं, नावरास बघितली की झालं. पण मुलाकडच्यांनी पत्रिका मागितली. आमचे मामा उत्साही. ते तालुक्याला एका जोशांकडे गेले. जोशांनी तारीख विचारली, मामांच्या खिशात शाळेचा दाखला होता. वेळ विचारली, ती दाखल्यावर नसते. जोशी म्हणाले, "सकाळचे सहा धरू."

पत्रिका आली. लग्नी मंगळ.

आठ दिवसांनी मुलाच्या चुलत्यांचं अंतर्देशीय पत्र आलं. मुलीला मंगळ आहे, आमच्या मुलाला नाही, क्षमा असावी. तीन ओळी. खरं कारण तेच होतं की आणखी काही, हे आम्हाला कधीच कळलं नाही. देण्याघेण्याचं म्हणावं तर आबांनी कबूल केलेलं कमी नव्हतं. पण पत्रिकेचं नाव घेतलं की पुढे काही विचारताच येत नाही. माणसाने नकार दिला तर त्याला समजावता तरी येतं.

आईने एकदा म्हटलं, "अहो, ती पोळ्याची आहे." आबा म्हणाले, "दाखल्यावर काय लिहिलंय ते खरं." सरकारी शिक्का होता ना त्याच्यावर. आणि मी, शिकलेली, नर्स झालेली थोरली बहीण, मीही गप्प बसले. माझं नुकतंच लग्न झालं होतं, माहेरच्या भानगडीत पडायला नको, असा मी विचार केला.

पुढची तीन वर्षं तिला स्थळ आलं नाही. आलं की गावातूनच कुणीतरी सांगायचं, "पोरीला मंगळ हाय." चुलत बहिणीच्या हळदीला तिने हात पुढे केला तर एका बाईने वाटी बाजूला सरकवली. शेवटी 1990 साली तिचं लग्न लावलं ते तेरा वर्षांनी मोठ्या बिजवराशी. पहिली बायको गेलेली म्हणजे त्याचा मंगळ उतरलेला, असा हिशोब. एका बाईच्या मरणाला 'उतरला' म्हणायचं!

आता तुम्हाला वाटेल की तिला छळ झाला. नाही. माझे मेहुणे देवमाणूस होते. पहिलीच्या मुलाला तिने वाढवलं, तिला स्वतःला एक मुलगी झाली. वरून पाहिलं तर सोन्याचा संसार. पण मेहुणे एकदा मला म्हणाले, "ताई, तुमची बहीण माझ्याशी कधी भांडत नाही. मला कधीकधी घरात पाहुण्यासारखं वाटतं." मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. ती का भांडत नव्हती? कारण तिला वाटायचं, मी रागावले, तोंडातून वाकडं निघालं, तर यांना काहीतरी होईल. त्यांना ताप आला की हिचे मंगळवार सुरू. ते गावाला गेले की परत येईस्तोवर हिच्या घशाखाली घास नाही. एकवीस वर्षं ती नवऱ्याबरोबर राहिली नाही, त्याच्यावर पहारा करत राहिली.

2011 ला ते हृदयविकाराने गेले. रोज दोन बंडलं बिड्या ओढणारा माणूस. पण मयतीला आलेल्या बायांनी बिडीचं नाव घेतलं नाही. तेराव्याच्या रात्री ती मला म्हणाली, "अक्का, शेवटी खाल्लंच ना मी त्यांना."

ते ऐकून मी घरी आले आणि मुलाला संगणकावर पत्रिका काढायला बसवलं. पंचांगातून 1968 चा पोळा काढला, 23 ऑगस्ट. दुसरा दिवस 24, संध्याकाळी सात. कुंभ लग्न आलं आणि मंगळ सहाव्या घरात. सहाव्या घरातला मंगळ कुणीच दोषाचा धरत नाही. 1 जूनला सकाळी सहाची मांडली तर सूर्य नुकताच उगवलेला, म्हणून सूर्याची रास तीच लग्नरास, वृषभ. आणि त्या साली त्या दिवसांत मंगळ सूर्याच्या शेजारीच होता. म्हणून लग्नी मंगळ. ज्या दिवशी ती जन्मलीच नव्हती त्या दिवसाचा मंगळ तिने आयुष्यभर वागवला.

खात्रीसाठी मी तो कागद एका जाणकारांना दाखवला. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "लग्नापासून नाही, पण चंद्रापासून मोजला तर बारावा येतो. म्हणजे आहेच की." मी कागद काढून घेतला.

बहिणीकडे गेले, तिला सगळं समजावलं. मला वाटलं, तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. ती बराच वेळ कागदाकडे बघत बसली. मग म्हणाली, "हे तू मला आता कशाला सांगायलीस?"

तिच्या या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आजही नाही.

थोडं गणित सांगते, आपले गणिताचे सर बसलेत म्हणून. गुणमेलनात आठ गोष्टी बघतात. वर्णाला 1 गुण, वश्याला 2, ताऱ्याला 3, योनीला 4, ग्रहमैत्रीला 5, गणाला 6, राशीकूटाला 7 आणि नाडीला 8. एक ते आठची बेरीज, सरांच्या सूत्राने आठ गुणिले नऊ भागिले दोन, छत्तीस. म्हणून छत्तीस गुण. त्यातले अठरा जुळले की चाललं. या छत्तिसात मुलगा पितो का, कर्ज किती, आईशी कसा बोलतो, याला एकही गुण नाही. मंगळ बघताना तो पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात असला की दोष. बारापैकी पाच घरं. आपला पट 48 चा, त्यातले सरासरीने 20 मंगळाचे निघाले पाहिजेत. इतक्या लोकांना असलेली गोष्ट दोष कसली? मग त्यातून सुटायला अपवाद काढले, आणि अपवाद इतके की हवं त्याला सोडवता येतं आणि नको त्याला अडकवता येतं.

2008 च्या सुमारास पुण्यात डॉ. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी एक चाचणी घेतली. घाटपांडे स्वतः ज्योतिष शिकलेले. शंभर हुशार मुलं आणि शंभर मतिमंद मुलं, अशा दोनशे पत्रिका केल्या. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पाठवल्या आणि विचारलं, यातलं कोण कोणत्या गटातलं? 27 जणांनी उत्तरं दिली. सरासरी शेकडा 46 बरोबर. नाणं उडवलं असतं तर पन्नास आली असती. आणि विलायतेत डेव्हिड वोआस नावाच्या अभ्यासकाने 2001 च्या जनगणनेतली एक कोटी जोडपी तपासली, कोणत्या राशीचं कोणाशी जास्त जमतं हे बघायला. कोणाचंच कोणाशी जास्त जमत नव्हतं. त्यांच्या राशी सूर्यावरून असतात, आपल्या चंद्रावरून, हा फरक मला मान्य आहे.

आकडे ऐकून कुणाचं मन बदलत नाही, हे मला ग्रुपवरच्या वादात कळलं. तेव्हा दुसरी बाजू सांगते, कारण तीही मी भोगलेली, म्हणजे उपभोगलेली आहे.

माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायची, माझ्या रात्रपाळीवर फार नाराज. "सून रातच्याला घराबाहेर" हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. सात-आठ वर्षं रोज एक टोमणा, कधी दोन. मग त्यांचं गुडघ्याचं दुखणं निघालं, एक म्हैस मेली, दिरांची नोकरी सुटली. त्या एका जोशांकडे गेल्या. त्यांनी सांगितलं, तुमच्या राशीला साडेसाती आहे, घरात कोणाशी वाद घालू नका, घातलात तर आणखी वाढेल. आणि काय सांगू तुम्हाला, आत्याबाई गप्प झाल्या! शनिवारी मारुतीला तेल घालायच्या, आणि मी रात्रपाळीहून आले की चहा ठेवायच्या. त्यांना जे काही वाईट वाटायचं ते सगळं आता शनीच्या खात्यावर जात होतं, माझ्या नाही. अडीच-तीन वर्षं अशी गेली आणि तेवढ्यात आम्हाला एकमेकींची सवय होऊन गेली. साडेसाती संपली तेव्हा टोमणे परत सुरू झाले नाहीत. त्या जोशांना मी मनोमन अजूनही हात जोडते. आकाशात काय होतं ते शनी जाणे, पण त्या माणसाला सासू-सुना कळत होत्या.

तसंच, "पत्रिका जुळत नाही" हा नकार किती घरांची अब्रू राखतो! मुलगी काळी म्हणायचं नाही, मुलगा बावळट म्हणायचं नाही, जमीन कमी म्हणायचं नाही. पत्रिकेवर ढकललं की दोन्ही घरं उद्या एकमेकांच्या लग्नात जेवायला मोकळी. हे मी वाईट म्हणत नाही.

मग माझ्या सासूला जो शनी पावला तो माझ्या बहिणीला का नाही पावला? माझ्या मते फरक एवढाच आहे की आत्याबाईंचा शनी आकाशात राहिला. बहिणीचा मंगळ लोकांनी तिच्या अंगात बसवला. वाईट काळ आला म्हणणं वेगळं आणि वाईट माणूस आला म्हणणं वेगळं. मूळ नक्षत्राची सून सासऱ्याला वाईट, आश्लेषाची सासूला, ज्येष्ठाची थोरल्या दिराला. बघा, सगळीकडे सूनच कुणाच्या तरी मुळावर. सासरा सुनेला वाईट असं नक्षत्र मला कुणी अजून दाखवलेलं नाही. आणि हे आपल्याकडेच आहे असंही नाही. जपानात साठ वर्षांनी एकदा 'अग्नी-घोड्याचं' साल येतं. त्या साली जन्मलेली मुलगी नवऱ्याला खाते, अशी समजूत. 1966 साली ते आलं तेव्हा त्या देशात जन्मच पाव हिश्शाने घटले. एवढा पुढारलेला देश! लोकांनी त्या वर्षी मूलच होऊ दिलं नाही, न जाणो मुलगी झाली तर.

नर्स म्हणून एक गोष्ट मात्र मी बोललेच पाहिजे. मामाची मुलगी, आत्याचा मुलगा, कुठं कुठं सख्ख्या मामालाच भाची, अशी लग्नं आपल्या भागात होतात. यात पत्रिका कुणी बघत नाही, "घरचंच आहे" म्हणतात. आणि जिथे खरोखर रक्ताचा दोष मुलांत उतरायचा धोका जास्त असतो ते हेच. अशा घरांतली आजारी मुलं मी हातात घेतलेली आहेत. उलट परक्या घरात एकनाडी निघाली की म्हणतात, रक्तगट एक आहे, मूल होणार नाही. नवरा-बायकोचा रक्तगट एक असला तर काही होत नाही. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असलं तर काळजी घ्यावी लागते, आणि त्याचं इंजेक्शन मिळतं. नाड्या तीन, नक्षत्रं सत्तावीस, प्रत्येक नाडीत नऊ. कुठलीही दोन माणसं उचला, तिनात एकदा नाडी एकच निघणार.

एवढं सगळं माहीत असणाऱ्या बाईने काय केलं ते आता ऐका.

2015 साली माझ्या मुलाने सांगितलं, मला अमुक मुलीशी लग्न करायचंय. मुलगी चांगली, शिकलेली, घर आपल्यासारखंच. मी हो म्हणाले. आणि गुपचूप दोघांच्या तारखा घेऊन गुणमेलन करून आणलं. का? बहिणीचं एवढं बघूनही? मला आजही नीट सांगता येत नाही. स्वतःच्या मुलावर वेळ आली की शहाणपण कुठं जातं कोण जाणे. एकनाडी निघाली. आठ गुण गेले. मी कुणाला बोलले नाही, कागद कपाटात साड्यांखाली ठेवला. लग्न थाटात केलं, सगळ्यांना पेढे वाटले.

पण कागद डोक्यात राहिला. दोन वर्षं मूल नाही, तीन वर्षं नाही. मी तिला कधी शब्दानेही बोलले नाही, असं मला वाटायचं. पण दर महिन्याला मी तिच्या तोंडाकडे बघायची. दुसऱ्या कुठल्या जोडप्याला मी पहिल्याच भेटीत सांगितलं असतं, दोघांची तपासणी करा, आधी पुरुषाची, ती सोपी असते. घरच्याला मी चार वर्षं सांगितलं नाही, कारण मला उत्तर आधीच माहीत होतं. साड्यांखाली होतं ते.

एका दिवाळीला कपाट आवरताना सुनेला तो कागद सापडला. तिने तो माझ्यासमोर ठेवला आणि हळूच विचारलं, "आई, हे लग्नाआधीचं आहे. म्हणजे तुम्ही मला पहिल्या दिवसापासून अशाच बघायचात?"

मी नाही म्हणू शकले नाही. पुढचे सहा महिने ती माझ्याशी कामापुरतं बोलली, आणि ते बरोबरच होतं. दरम्यान दोघांनी स्वतःहून तपासणी केली. दोष मुलात निघाला, किरकोळ, छोट्या शस्त्रक्रियेने बरा होणारा. आज मला चार वर्षांची नात आहे. ती झाली तेव्हा प्रसूतिगृहात मी घड्याळाकडे मुद्दाम पाठ करून उभी होते. सुनेने ते पाहिलं आणि त्या अवस्थेतही ती हसली. त्या दिवसापासून आमचं पुन्हा बोलणं सुरू झालं, असं मी धरते.

आपण तेरच्या गोरोबाकाकांच्या शेजारचे. त्यांनी संतांची डोकी थापटण्याने वाजवून कच्चं कोण आणि पक्कं कोण ते ठरवलं, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकली. मुलीला स्थळ बघताना मी आता हेच सांगते. जा, दोन दिवस त्या घरात राहा, चहा कोण करतं बघा, म्हातारी काय बोलते ऐका. मडकं थापटून बघा. आणि दवाखान्यातले दोन कागद पत्रिकेच्या आधी मागा. पत्रिका बघायचीच असेल तर बघा बापडे, पण मग तारीख आणि वेळ कुणी लिहिली तेही बघा. बहुतेक वेळा माझ्यासारखीच कुणीतरी हात पुसत लिहिलेली असते.

शेवटी बहिणीचं राहिलं. तो कागद तिने फाडला नाही, देवघरात ठेवला. मंगळवार मात्र सोडले, कधी सोडले ते तिने मला सांगितलं नाही. तिच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा व्याह्यांनी पत्रिका मागितली. ही म्हणाली, "जन्मदाखला देते, रक्ताचा रिपोर्ट देते, पोरगी समोर बसवते. पत्रिका काढलेली नाही आन् काढणार बी नाही." मला वाटलं, हे स्थळ गेलं. व्याही थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "आमच्या पोराची बी तारीख शाळेचीच हाय."

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या नातवंडांनी तिचा वाढदिवस केला, आयुष्यातला पहिलाच. मीही गेले होते. दिवेलागणीची वेळ धरून केक कापायचा होता, पण त्यावर आकडा कोणता लावायचा यावरून वाद पेटला, कारण तिथीने वेगळा दिवस, तारखेने वेगळा आणि आधार कार्डावर 1 जून. पोरं भांडत बसली. ती तिकडे स्वयंपाकघरातून ओरडली, "आरं, मेणबत्त्या विझायल्यात!"